जळके तेल आणि मऊ प्लास्टिक

महाराष्ट्रातील कोणत्याही गावी एस. टी. स्थानकाबाहेर दिवेलागणीला उभे राहिले, तर दिसणाऱ्या दृश्यात फरक असलाच तर तो कढईच्या आकाराचा असतो. वडे, भजी, समोसे एकामागून एक घाणे निघत असतात आणि गिऱ्हाईक वर्तमानपत्राच्या कागदावर तेलाचा डाग उमटलेला पाहत उभ्या उभ्याच खात असते. कढईतील तेल सकाळी ओतलेले, तेच असते. सकाळी ते मधासारखे असते, दुपारी चहाच्या रंगाचे होते आणि गाडा आवरण्याच्या वेळेस त्याची काकवी झालेली असते. या काकवीचे रात्री काय होते, हा प्रश्न खाणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. विकणाऱ्याच्या मनात मात्र तो रोज येतो, कारण त्या तेलाचे पैसे त्याने मोजलेले असतात.

या तेलाला आजवर तीन वाटा ठाऊक आहेत. पहिली वाट म्हणजे त्यातच उद्या नवे तेल ओतून कढई पुन्हा चुलीवर ठेवणे. दुसरी, मोठ्या उपाहारगृहाने ते डब्यात भरून कमी भावात लहान गाडेवाल्यास विकणे. श्रीमंताचे उष्टे गरिबाच्या ताटात जाण्याचा हा प्रकार शहरांत किती सराईतपणे चालतो, हे त्या धंद्यातील कोणीही खासगीत सांगेल. तिसरी वाट गटाराची. तिथे ते थिजते, नळ तुंबवते आणि पावसाळ्यात त्याचा जाब महापालिकेला द्यावा लागतो. साबणवाल्याकडे जाणारा थोडासा हिस्सा सोडला, तर या तेलाची वासलात बहुतेक या तीनच प्रकारांनी लागत आली आहे.

कायद्याने या प्रकाराकडे पाहिलेच नाही, असे म्हणता येणार नाही. तळताना तेलात जी विघटित द्रव्ये साठत जातात, त्यांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यास अयोग्य, अशी मर्यादा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने घालून दिली आणि ती १ जुलै २०१८ पासून लागू झाली. त्याच वर्षी १० ऑगस्टला वापरलेले तेल गोळा करून त्याचे जैवइंधन करण्याची योजना सुरू झाली. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवावी व टाकाऊ तेल अधिकृत संकलकासच द्यावे, असा दंडक १ मार्च २०१९ पासून आला. देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरले जाते आणि मोठ्या ग्राहकांकडून त्यापैकी १४० कोटी लिटर परत मिळू शकेल, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला होता. हे सारे योग्यच झाले. परंतु या योजनेत गोळा झालेल्या तेलाचे करावयाचे काय, या प्रश्नाला उत्तर एकच गृहीत धरले गेले, ते म्हणजे जाळावयाचे. आधी मोटारीत जाळावयाचे म्हटले गेले, आता विमानात जाळण्याची भाषा आहे. याहून निराळ्या वाटेचा विचार येथे करावयाचा आहे.

ही वाट जाते ती विजेच्या तारेवरील आवरणाकडे, पावसाळी चपलेकडे, रिक्षाच्या आसनावरील रेक्झिनकडे आणि शेतात पाणी देण्याच्या लवचिक नळीकडे. या साऱ्या वस्तू ज्या पीव्हीसीच्या बनतात ते मूळचे मऊ नसतेच. ते कडक, ठिसूळ आणि तापविले तर करपणारे द्रव्य आहे. एकोणिसाव्या शतकात ते ठाऊक होऊनही पन्नासएक वर्षे त्याचा उपयोग कोणास सुचला नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनज्ञाने ते उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रावकांत तापविले आणि हाती रबरासारखा लवचिक गोळा आला. तेव्हापासून मऊ पीव्हीसीचे युग सुरू झाले. मऊपणा देणाऱ्या या द्रव्यास कारखान्यात प्लास्टिसायझर म्हणतात. १०० किलो रेझिनमागे ते ४०-५० किलो, कधी त्याहूनही अधिक घालावे लागते. म्हणजे पायातली चप्पल ही प्लास्टिकची म्हणून ओळखली जात असली, तरी तिचा तिसरा हिस्सा प्रत्यक्षात घट्ट झालेल्या तेलकट द्रवाचाच असतो.

हे द्रव कोणते, येथे प्रश्न गंभीर होतो. बहुतांश मऊ पीव्हीसीत दीर्घकाळ थॅलेट कुळातील द्रव्ये वापरली गेली. त्यांतील सर्वांत प्रचलित ते डीईएचपी, ज्यास आपल्याकडील व्यापारी डीओपी म्हणतात. ते पेट्रोलियमपासून बनते आणि पीव्हीसीच्या रेणूशी त्याचा रासायनिक बंध जडत नाही. कापसात पाणी राहावे तसे ते राहते आणि उष्णता, घर्षण किंवा तेलाचा स्पर्श मिळाला की हळूहळू बाहेर येते. नव्या रेक्झिनचा वास आणि जुन्या रेक्झिनला पडलेल्या भेगा ही या एकाच प्रवासाची दोन टोके आहेत. हे द्रव्य प्रजननसंस्थेस बाधक ठरल्याने युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाने खेळण्यांतील त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यावर आणले, आणि २१ फेब्रुवारी २०१५ नंतर विशेष परवान्याखेरीज त्याचा वापरच तेथे बंद झाला. भारतातही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक सक्तीचे झाले आणि त्यात थॅलेटांची मर्यादा आली. परंतु खेळण्याला जो नियम लागू आहे तो चपलेला नाही. मूल चप्पल चोखत नाही हे खरे मानले, तरी रांगणारे मूल फरशीवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या चटईवरच रांगते.

थॅलेटला पर्याय म्हणून वनस्पती तेल, ही कल्पना नवी नाही. एपॉक्सीकृत सोयाबीन तेल गेली सात दशके जगभरच्या कारखान्यांत वापरले जाते. बरणीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस जी मऊ चकती असते तिच्यात ते असते. त्याची कृतीही अवघड नाही. तेलाच्या रेणूतील मेदाम्लांच्या लांब साखळ्यांत काही ठिकाणी कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक अथवा ॲसिटिक आम्ल एकत्र आले म्हणजे जे परआम्ल तयार होते, ते या दुहेरी बंधावर ऑक्सिजनचा एक अणू आणून बसविते आणि तेथे तीन अणूंचे इवलेसे कडे तयार होते. कच्चे तेल पीव्हीसीत मिसळले तर ते काही दिवसांत घामासारखे पाझरून वर येते. या कड्यांमुळे ते पीव्हीसीत सामावते. शिवाय पीव्हीसी तापले म्हणजे त्यातून जो हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो ही कडी पकडून ठेवतात आणि माल करपण्यापासून वाचतो. एका द्रव्याने दोन कामे होतात. वजनही घटत नाही, ऑक्सिजन जोडला गेल्याने किंचित वाढतेच. तेलाला प्रथम मिथेनॉलने फोडून त्याचे पातळ एस्टर करावयाचे आणि मग हीच क्रिया करावयाची, अशीही एक पद्धत आहे. चीनमध्ये या मार्गाने टाकाऊ तेलापासून प्लास्टिसायझर बनविले जाते.

मात्र ताज्या सोयाबीन तेलाचे हे कौतुक भारताने करावे, यात औचित्य नाही. जो देश आपल्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी सुमारे साठ टक्के तेल परदेशातून विकत आणतो, त्याने खाण्याचे तेल चपलेत घालणे हा शुद्ध अविचार ठरेल. टाकाऊ तेलाचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. जे पोटात जाता कामा नये आणि गटारातही जाता कामा नये, त्याला दहा वर्षे टिकणारे काम मिळावे, एवढीच ही मागणी आहे.

येथवर सारे सरळ दिसते. पण घोडे पेंड खाते ते पुढे. परदेशी प्रयोगशाळांतून टाकाऊ तेलाच्या प्लास्टिसायझरबद्दल जे उत्साहवर्धक निष्कर्ष येतात ते प्रायः सूर्यफूल, मोहरीवर्गीय किंवा सोयाबीन तेलावरचे असतात. आपल्या फरसाणवाल्याची कढई भरलेली असते ती पामोलीनने. हा फरक क्षुल्लक नाही. तेलात दुहेरी बंध किती हे आयोडीन मूल्यावरून कळते. सोयाबीन तेलाचे ते सुमारे १३० असते, सूर्यफुलाचेही जवळपास तितकेच, शेंगदाणा तेलाचे शंभराच्या थोडे खाली आणि पामोलीनचे साठाच्या आतबाहेर. म्हणजे ज्या खुंट्यांवर ऑक्सिजन टांगावयाचा त्या खुंट्याच पामोलीनमध्ये निम्म्याहून कमी. त्यातही तळण्याच्या उष्णतेने काही खुंट्या आधीच मोडलेल्या असतात, आणि भज्यांतील पाण्याने तेल फुटून सुटी आम्ले तयार झालेली असतात. ही आम्ले काढून टाकली नाहीत तर ती नव्याने बनलेली कडीच उघडून टाकतात. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? तेव्हा टाकाऊ तेल म्हणजे एकच एक जिन्नस असे समजून सरसकट पिंपात ओतणाऱ्या योजनेतून चांगला प्लास्टिसायझर मिळणे नाही. पामतेलाचे इंधन व्हावे, सोयाबीन आणि सूर्यफुलाच्या तेलाचे प्लास्टिसायझर व्हावे, ही वाटणी तेल गोळा करतानाच झाली पाहिजे. एकदा मिसळलेले वेगळे करणे हे हंसाला जमते म्हणतात, महापालिकेच्या कंत्राटदाराला जमणार नाही.

महाराष्ट्राने यासाठी दूर कोठे पाहण्याची गरज नाही. गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर भल्या पहाटे शेतकरी किटली घेऊन जातो, त्याच्या दुधाची फॅट लागते आणि त्याप्रमाणे त्याला भाव मिळतो. दूध कोणाचे, म्हशीचे की गाईचे, हे तेथे कळते आणि पाणी घातले असल्यास तेही लपत नाही. जी गोष्ट आठ-दहा लिटर दुधासाठी अर्धशतक चालू आहे, ती १५ किलोच्या तेलाच्या डब्यासाठी अशक्य का मानावी? तेलाची आम्लता मोजण्यास काही मिनिटे पुरतात. विघटित द्रव्यांचे प्रमाण सांगणारे हातात मावणारे उपकरण अन्न निरीक्षक वापरतातच. जो व्यावसायिक तेल वेळीच काढून देईल, म्हणजे काकवी होण्यापूर्वी देईल, त्याला अधिक दर मिळाला पाहिजे. कारण तेच तेल कारखान्यालाही अधिक उपयोगी असते. गिऱ्हाइकाच्या पोटाचे आणि कारखानदाराच्या कढईचे हित येथे एकाच दिशेने जाते, हा योगायोग दुर्मीळ आहे आणि धोरणकर्त्यांनी तो वाया घालवू नये. इंधनाच्या व्यवहारात असे नाही. तेथे तेल जितके जळकट तितके चालून जाते, किंबहुना ते टाकाऊ असल्याचा पुरावा म्हणून अधिक बरे मानले जाते.

आणि ही गोष्ट पुराव्याची आहे म्हणूनच इंधनाच्या दिशेने चाललेल्या धावपळीकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. विमानाच्या इंधनात २०२५ पासून किमान २ टक्के शाश्वत इंधन मिसळण्याची सक्ती युरोपने केली. भारतानेही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, असे उद्दिष्ट ठेवले आहे. परिणामी टाकाऊ तेलाला जगाच्या बाजारात कधी नव्हता असा भाव आला. चीनने १ डिसेंबर २०२४ पासून या तेलाच्या निर्यातीवरील करपरतावा काढून घेतला, यावरून त्याची ओढ किती वाढली हे कळावे. परंतु ज्या क्षणी टाकाऊ मालाची किंमत ताज्याच्या पंक्तीला जाऊन बसते, त्या क्षणी ताजा माल टाकाऊ म्हणून विकण्याचा मोह सुरू होतो. ताजे पामतेल वापरलेले म्हणून खपविले जात असल्याचा संशय युरोपात उघडपणे व्यक्त झाला आहे. सोयाबीन तेलापुरता हा मोह आपल्याकडेही होणार नाही, अशी खात्री कोणी द्यावी? म्हणून अमुक इतके टाकाऊ तेल वापरलेच पाहिजे, अशी सक्ती प्लास्टिकच्या कारखान्यांवर लादू नये. तेलाची नोंद ठेवावी, दर्जाप्रमाणे भाव द्यावा आणि इंधनाला ज्या सवलती मिळतात त्यांच्यामुळे दुसरी वाट बंद होणार नाही एवढे पाहावे. तेल एकदा विमानात जळले की त्यातील कार्बन त्याच दिवशी आकाशात गेला. तारेच्या आवरणात बसलेले तेल वर्षानुवर्षे तेथेच राहते आणि तितके पेट्रोलियमही वाचविते. या दोन उपयोगांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही.

खाद्यतेल आणि प्लास्टिसायझर यांची गाठ याआधीही पडली आहे, पण ती उलट दिशेने. १९८८ मध्ये कलकत्त्याच्या बेहाला भागात ट्रायक्रेसिल फॉस्फेट मिसळलेले तेल लोकांच्या स्वयंपाकात गेले आणि शेकडो माणसांचे हातपाय लुळे पडले. हेच द्रव्य कारखान्यात पीव्हीसी मऊ करण्यासाठी वापरले जाते. २०११ मध्ये तैवानात सरबते आणि तत्सम पदार्थांना दाटपणा यावा म्हणून घातल्या जाणाऱ्या मिश्रणात स्वस्ताईसाठी डीईएचपी वापरले गेल्याचे उघडकीस आले आणि सारा देश हादरला. दिसायला दोन्ही तेलच. पिंप एक, रंग एक, चिकटपणा एक. टाकाऊ तेल आणि एपॉक्सीकृत तेल एकाच आवारात येऊ लागले की बेहाल्याची आठवण कोणी तरी ठेवली पाहिजे. संकलकाच्या हाती पडलेल्या तेलाला रंग वा खूणद्रव्य घालून ते पुन्हा खाण्यायोग्य राहणार नाही, अशी व्यवस्था करावी. रॉकेलला निळा रंग देण्याची युक्ती या देशाला नवी नाही.

याच कारणास्तव टाकाऊ तेलाच्या प्लास्टिसायझरने कोठे जाऊ नये हेही स्पष्टपणे ठरविले पाहिजे. अन्नाला स्पर्श करणारे झाकण, खेळणे, सलाइनची नळी येथे त्याला प्रवेश नसावा. कोणत्या कढईत काय तळले गेले होते आणि त्या तेलात काय उतरले, याचा हिशेब कोणी देऊ शकत नाही. रक्ताच्या पिशवीचा प्रश्न तर वेगळाच आहे. तेथे डीईएचपी तांबड्या पेशी टिकवून धरते म्हणून ते बदलणे जगभरच्या रक्तपेढ्यांना जड जात आहे, आणि त्या कोड्याचे उत्तर वडापावच्या कढईत सापडणार नाही. परंतु काळ्या चपलेचा तळवा, ताडपत्री, रेक्झिन, बागेची नळी ही ठिकाणे मोठी आहेत. तेथे तेलाचा राहिलेला गडद रंगही आड येत नाही. फार तापणाऱ्या तारांना मात्र पातळ एस्टरांचा माल चालणार नाही, कारण तो उडून जातो. इतर ठिकाणीही थॅलेटची पूर्ण जागा तो घेऊ शकेल असे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्यापासून सावध राहावे. ठरावीक प्रमाणापलीकडे तो घातला की माल चिकट होतो, ऊन लागले की अधिकच, आणि दमट हवेत त्यावर बुरशीही धरते. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात ही चाचणी प्रयोगशाळेवाचूनच होऊन जाईल. पण शंभरातील वीस-पंचवीस भाग जरी बदलता आले, तरी ते काही थोडे नव्हे.

आणखी एक इशारा द्यावयास हवा. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आम्ले यांच्या संयोगाची ही क्रिया उष्णता सोडणारी आहे. पेरॉक्साइड थेंबाथेंबाने घालावे लागते, तापमान ६०-७० अंशांच्या आसपास बांधून ठेवावे लागते, आणि ते हाताबाहेर गेले तर भांडे फुटते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २३ मे २०२४ रोजी पेरॉक्साइडे हाताळणाऱ्या कारखान्यात जो स्फोट झाला त्याच्या काचा कित्येक इमारतींत पडल्या होत्या. ‘कचऱ्यातून सोने’ असल्या घोषणा झाल्या म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, लोकवस्तीला खेटून, अनुदानाच्या आशेने असले कारखाने उगवतात. बायोडिझेलच्या नावाने तसे झालेलेच आहे. तेल गोळा करणे हे गल्लीचे काम असो. त्याचे प्लास्टिसायझर करणे हे गल्लीचे काम नव्हे. ते मोजक्या, शीतकरणाची आणि नियंत्रणाची पुरी सोय असलेल्या, वस्तीपासून दूरच्या कारखान्यांतच व्हावे.

एक आक्षेप राहतो आणि तो मोलाचा आहे. पीव्हीसीच मुळात त्याज्य असेल, तर त्याला मऊ करणारे तेल झाडाचे की खनिजाचे याने काय फरक पडतो? क्लोरीनयुक्त प्लास्टिक उकिरड्यावर जाळले की त्यातून घातक वायू सुटतात, आणि आत सोयाबीनचे तेल आहे म्हणून ते सुटण्याचे थांबत नाहीत. अशी चप्पल मातीत पुरली तर कुजतही नाही. तिच्यावर हिरव्या पानाचे चित्र छापणे ही ग्राहकाची फसवणूकच होईल. हा आक्षेप मान्य करूनही एवढे उरतेच की तारा, नळ्या आणि रेक्झिन उद्या नाहीशी होणार नाहीत. देशातील पीव्हीसीचा मोठा वाटा पाण्याच्या पाइपांत जातो, ते पाइप कडकच असतात आणि त्यांना प्लास्टिसायझर लागत नाही. प्रश्न उरलेल्या मऊ मालाचा आहे. त्या मालासोबत आज घराघरांत थॅलेट शिरते आणि कढईतून पोटात जळके तेल शिरते. दोन्हींपैकी काही अंश एकाच उपायाने कमी होत असेल, तर पीव्हीसीचे भवितव्य ठरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

थांबण्याचे खरे कारण वेगळेच आहे आणि ते ५० लिटरच्या त्या दंडकात दडलेले आहे. दिवसाला ५० लिटर तेल वापरणारा तो पंचतारांकित हॉटेलवाला, साखळी उपाहारगृहवाला, मोठा फरसाण कारखानदार. त्याच्याकडे नोंदवही असते, अधिकृत संकलकाचा टेम्पो येतो, पावती फाटते. एस. टी. स्थानकाबाहेरचा गाडेवाला दिवसाला चार-पाच लिटर तेल वापरतो. त्याला वही नाही, टेम्पो नाही, आणि जुने तेल ओतून टाकले तर त्या दिवसाची निम्मी कमाई जाते. त्याच्यावर धाड घालून दंड करणे सोपे आहे, आणि अन्न व औषध प्रशासन सणासुदीला ते करतेही. त्याच्या डब्यातील दोन लिटर काळ्या तेलाला रोख भाव देणारा माणूस रोज रात्री दहा वाजता त्या गाड्यापाशी उभा राहील, अशी व्यवस्था मात्र अद्याप कोणत्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकात ठळकपणे दिसलेली नाही.